आधी तो अडॅप्टर बाजूला ठेव

परभणी

चि. पोरीस मामाचा आशीर्वाद.

तुझा फोटो मिळाला. आजीच्या माळ्यावर, पापडाच्या डब्यामागं सापडला म्हणतेस. टीव्ही गेमचा पिवळट पडलेला खोका, दोन रिमोट, एक बंदूक, तीन कॅसेटी. हा खोका मी ओळखतो. १९९७ च्या उन्हाळ्यात तुझ्या आजोबांनी तो घेतला आणि महिन्याच्या आत माझ्या टेबलावर आला. मी तेव्हा वसमत रोडला टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात हाताखाली होतो. खोका उलटा करून बघ, तळाचा एक स्क्रू बाकीच्यांपेक्षा मोठा आहे. मूळचा माझ्याकडून हरवला होता.

आता कामाचं. तुझा पहिला प्रश्न, खोका चालू कसा करायचा. आधी तो अडॅप्टर बाजूला ठेव. "लावून तर बघते" असं अजिबात करायचं नाही. आत ट्रान्सफॉर्मर असलेला हा जुना अडॅप्टर, वर ९ व्होल्ट लिहिलं असलं तरी लोड नसताना मीटरवर जास्तच दाखवणार. ते एक वेळ चालेल. खरी भीती उलट्या पिनेची आहे. या खोक्यांत कुणाची मधली पिन मायनस असायची, कुणाची प्लस, आणि घरात अडॅप्टर इकडचे तिकडं झालेले असतात. पॉलिटेक्निकला आहेस, मीटर असेलच. खोक्यावरची खूण बघ, पिन मोज, मगच पुढं.

उघडल्यावर आत फार काही नाही बघून तुझा हिरमोड होईल. पत्र्याला कसलेला तीन पायांचा एक रेग्युलेटर दिसेल, ७८०५. तो वरचे व्होल्ट खाऊन ५ करतो आणि तेवढ्यापायी तापतो. दोन-चार कंडेन्सर असतील. डोकं फुगलेलं असेल किंवा पायाशी ओल दिसली तर बदलून टाक, व्होल्ट तेवढेच किंवा जास्त, कमी नाही. आणि मधोमध डांबराचा थेंब पडावा तसा काळा ठिपका. सगळी गंमत त्याच्याखाली आहे. जपानच्या मूळ यंत्रात, म्हणजे निन्टेंडो कंपनीच्या फॅमिकॉममध्ये, प्रोसेसर वेगळा, चित्र काढणारी आयसी वेगळी. नक्कल करणाऱ्यांनी पुढं सगळं एकाच तुकड्यात बसवलं. तो ठिपका गेला असेल तर आपलं काही चालत नाही. बाकी सगळं दुरुस्त होतं.

कॅसेटीत फुंकू नकोस. आम्ही सगळ्यांनी फुंकलं, आणि फुंकल्यावर चालायची म्हणून फुंकरीवर आमची श्रद्धा बसली. चालायची ती काढून पुन्हा घातल्यामुळं. तिच्या कडेच्या धातूच्या पत्त्या नव्या जागी टेकायच्या. फुंकरीतली ओल उलट पत्त्यांना खायची. आयसोप्रोपिल अल्कोहोल घे, कानात घालायच्या कापसाच्या काडीनं पत्त्या पूस. डाग हटला नाही तर पांढरं खोडरबर हलक्या हातानं फिरव आणि चुरा झटक. रिमोटचं बटण दाबूनही हलत नसेल तर आतल्या रबराची काळी टिकली झिजलीय. तिच्यावर शिसपेन्सिल घासली की चार दिवस चालतं. चारच दिवस.

तुझा दुसरा प्रश्न पैशाचा. जपानहून आलेला 'ओरिजिनल' फॅमिकॉम कुणीतरी दाखवलाय आणि साठवलेले सगळे पैसे त्यात घालायचे मनात आहे. घालू नकोस. एक तर तिकडची लाइट १०० व्होल्टची, आपली २३०. त्याचा अडॅप्टर इथल्या बोर्डात लावलास की संपला. १९८३ च्या त्या यंत्राचं चित्र जपानी चॅनेलवर निघतं, आपल्या टीव्हीला ते सरळ पकडता येत नाही. रिमोटच्या वायरी खोक्याला कायमच्या जोडलेल्या, तुटली की खोकाच खोलायचा. हे सगळं तू निस्तरशील, मला ठाऊक आहे. पण माझं म्हणणं वेगळं आहे.

जगात जर्मनी अन् भारतात परभणी म्हणणाऱ्या आमच्या गावानं तो जपानी खोका कधी पाहिलाच नाही. आमच्याकडं आली ती नक्कल, किंवा नकलेची नक्कल. आमच्या अंगठ्यांना घट्टे पडले ते हिच्यावर. जपानी यंत्र जपायला जगभर माणसं बसलीत, त्याच्या एकेका स्क्रूची नोंद आहे. नक्कल कोण जपतं? ती भंगारात जाते. कॅसेटीवर '९९९९९९९ इन १' छापायचं आणि आत तेच पाच-सात खेळ नावं बदलून फिरवायचे. त्या मेन्यूत वाजणारी ती रडकी धून, स्टिकरवर भलत्याच खेळाचं चित्र, धडधडीत चुकलेली स्पेलिंगं! गोळा करायचंच असेल तर हे कर. भंगारवाल्याकडं, जुन्या इलेक्ट्रॉनिकच्या दुकानात विचार. पण 'टीव्ही गेम' म्हणून विचार. 'रेट्रो' म्हणालीस की भाव तिप्पट.

तिसरं, जुने खेळ खरंच चांगले होते का. खोटं कशाला बोलू, बरेचसे टाकाऊ होते. आम्ही खेळायचो कारण दुसरं काही नव्हतं. आणि अवघड होते ते बऱ्याचदा खोडसाळपणानं. पार्लरच्या मशीनला नाणं गिळायचं असतं, तिथं पोरगं लवकर मेलेलंच बरं. आमच्या स्टँडजवळच्या पार्लरमध्ये एक रुपयात 'मुस्तफा' मिळायचा. त्याचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', कॅपकॉमचा, १९९३ चा, हे मला चाळिशीत कळलं. चार गड्यांतल्या एकाचं नाव मुस्तफा, झालं, गावानं खेळाचं बारसं केलं. घरचे खेळ निघाले तेही याच सवयीतून.

मात्र जे चांगले होते ते कशात बसवले होते ते बघ. मूळ यंत्राची कामाची मेमरी (रॅम) २ किलोबाइट. १९८५ चा 'सुपर मारिओ' सगळा मिळून ४० किलोबाइट. तू पाठवलेल्या एका फोटोत असे कितीतरी मारिओ मावतील. वरचा ढग आणि खालचं झुडूप नीट बघ, एकच चित्र आहे, रंग तेवढा बदललाय. मारिओच्या मिशा आणि टोपी अशाच आल्या. १९८१ च्या 'डाँकी काँग'मध्ये मारिओ घडवणाऱ्या मियामोतोंकडं ठिपके इतके कमी होते की तोंड काढता येईना, केस हलवता येईनात. मिशीनं तोंड झाकलं, टोपीनं केस. तुला पुढं स्वतः काही बनवायचं असेल तर एकदा रेघांच्या वहीवर १६ गुणिले १६ चौकटींत माणूस काढून बघ. चाळीसेक कागद फाडशील.

त्या मारिओत खेळ साठवायची सोय नव्हती. आठव्या दुनियेत पोचायचं आणि लाइट जायची. आमच्याकडं ती जायचीच. अख्ख्या गल्लीतून एकदम जो आवाज उठायचा, त्यावरून किती घरांत मारिओ चाललाय ते कळायचं.

'कॉन्ट्रा' खेळात बटणं ठरावीक क्रमानं दाबून ३० जीव मिळवायचं ते वर-वर-खाली-खालीचं गुपित तुला ठाऊक आहे म्हणालीस. ते मुळात १९८६ च्या 'ग्रेडियस'मधलं. घरच्या यंत्रासाठी खेळ तयार करताना हाशिमोतो नावाच्या प्रोग्रामरला तो स्वतःलाच जमेना, म्हणून तपासण्यापुरती त्यानं ही पळवाट ठेवली आणि काढायची राहून गेली. आमच्या कॅसेटीत मेन्यूतच '३० लाइफ' वेगळा असायचा. गुपित शोधायची वेळच आली नाही.

बंदुकीचं राहिलं. ती गोळी मारत नाही, बघते. बदकं टिपायच्या 'डक हंट' खेळात घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि पक्ष्याच्या जागी पांढरा चौकोन उमटतो; नळीतल्या डोळ्याला तो उजेड दिसला की नेम लागला. हे डबा टीव्हीवरच जमतं. सपाट टीव्हीचं चित्र थोडं उशिरा येतं, तोवर बंदुकीची बघायची वेळ गेलेली असते. डबा टीव्ही मिळाला तर वापर, पण मागचं झाकण उघडायचं नाही. रंगीत पिक्चर ट्यूबला २०-२५ हजार व्होल्ट लागतात, आणि बटण बंद केल्यावरही ती साठा धरून बसते. मला एकदा शॉक बसलाय. स्टुलावरून खाली पडलो तर मालकानं आधी टीव्ही बघितला, मग मला.

त्या उन्हाळ्यात खोका माझ्याकडं आला तो याच बंदुकीपायी. 'नेम लागत नाही' अशी तक्रार. मी खोलली, भिंग पुसलं, डोळा तपासला, ठणठणीत. परत दिली. दोन दिवसांनी पुन्हा तेच. शेवटी तुझ्या आजोबांच्या घरी जाऊन बघितलं. तुझा थोरला मामा पडद्याला नळी टेकवायचा बाकी, तरी पक्षी ऐन वेळी वळायचा आणि ते कुत्रं गवतातून वर येऊन हसायचं. तुझी आई मागं भिंतीला टेकून बसली होती, बारा वर्षांची, मांडीवर उशी. उशीखाली रिमोट.

त्या खेळात एकच पक्षी उडतो त्या डावात दुसऱ्याला रिमोटनं पक्षी हलवता येतो. बंदूक दुसऱ्या सॉकेटला, रिमोट पहिल्या. खोक्यासोबत धड माहितीचा कागदही नव्हता, हे तिनं एकटीनं शोधलं होतं. माझ्याकडं बघून तिनं नुसतं डोळे मोठे केले. मी बंदूक उगंच दोनदा हलवून बघितली आणि "वायर सैल आहे, दादा" म्हणून निघून आलो. दुरुस्तीचे पैसे घेतले नाहीत.

दिवाळीला खोका घेऊन ये. २१ इंची डबा माझ्याकडं आहे, चालू आहे. आईला आणि थोरल्या मामाला सोबत आण. ती बंदूकच खराब होती असं तो अजून सांगत फिरतो.

तुझा,
मामा