राउटर हॉलमधून बेडरूममध्ये हलवला आणि रेंज गेली, रिपीटर घेऊ का?

लगेच घेऊ नका, थांबा जरा. तुमचा प्लॅन २०० एमबीपीएसचा, राउटर हॉलमधल्या टीव्हीजवळून आतल्या बेडरूममध्ये नेला, केबलवाल्याच्या मुलाने फायबर वाढवून दिली, आणि आता हॉलमध्ये १० पण मिळत नाही, किचनमध्ये तर मोबाईल वायफाय सोडूनच देतो, असं तुम्ही लिहिलंय. पण राउटरच्या शेजारी उभं राहिल्यावर स्पीड किती येतो हे लिहिलंच नाहीत, आणि खरं तर सगळं त्याच्यावरच आहे. नेट डब्यापर्यंतच नीट येत नाहीये की डब्यापासून तुमच्या मोबाईलपर्यंत पोचत नाहीये, हे दोन वेगळे आजार आहेत. रिपीटरचा (रेंज पकडून पुढे पाठवणारा डबा) उपयोग झाला तर फक्त दुसऱ्या आजाराला.

मी आमच्या सोसायटीतलं नेटचं बघतो, त्यामुळे ही तक्रार मला पाठ आहे, दिवाळीची साफसफाई झाली, कपाटं सरकवली की चार घरांतून फोन येतातच.

तर आधी लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला लावा, वायफाय बंद करा आणि स्पीड टेस्ट घ्या. १९० च्या आसपास आला तर लाईन ठीक, पुढचा सगळा प्रश्न वायफायचा. पण आकडा ९४-९५ वर येऊन तिथेच अडकत असेल तर ती केबल बघा (लॅपटॉपचं पोर्टच जुनं १०० वालं नाही ना हेही), कारण लॅनच्या वायरीत आठ तारा असतात, गिगाबिटला आठही लागतात आणि १०० एमबीपीएसला चारच पुरतात, त्यामुळे क्रिम्पिंग करताना (वायरीच्या टोकाला प्लग दाबून बसवताना) एखादी तार नीट बसली नाही की ती गपचूप १०० वर उतरते, नेट चालू असतं म्हणून कुणाला शंकाच येत नाही. फायबरचा डबा एकीकडे आणि वायफायचा राउटर दुसरीकडे असं असेल तर मधल्या वायरीत हेच होतं.

आणि शेजारी बसूनसुद्धा स्पीड नसेल, किंवा एलओएसचा (फायबरमधून प्रकाश येत नसल्याची खूण) लाल लाईट मधूनमधून लागत असेल, तर फायबर तपासा. वायर वाढवून दिलीय म्हणजे कुठेतरी जोड आलाच. शिवाय कपाटाच्या मागे ती दाबली गेलीय का, दाराच्या फटीतून काटकोनात वळवलीय का, उरलेल्या वायरीचं भेंडोळं अगदी घट्ट करून चिकटपट्टी मारलीय का ते बघा. आत काचेचा तंतू असतो, फार वळला की प्रकाश तिथूनच बाहेर निसटतो. वळण चहाच्या कपाच्या तोंडापेक्षा लहान नको, म्हणजे चिंता नाही. राउटरच्या सेटिंगच्या पानावर (ब्राउझरमध्ये पत्ता बहुतेक १९२.१६८.१.१, लॉगिन डब्याच्या खाली चिकटवलेलं असतं) आरएक्स पॉवर किंवा ऑप्टिकल पॉवर असा आकडा सापडेल, म्हणजे डब्यापर्यंत किती प्रकाश पोचतो ते, डीबीच्या मापात. तो उणे १५ ते उणे २४ मध्ये असेल तर मस्त, उणे २७ ला हद्द संपते. आणि दर ३ डीबीला प्रकाश निम्मा होतो, त्यामुळे २१ चा २४ झाला तर "तीनच तर वाढले" असं नका समजू. हलवण्याआधीचा आकडा कुणी लिहून ठेवत नाही, पण आत्ताचा सांगितलात तरी केबलवाला टाळाटाळ करू शकत नाही, हा फायदा. जोडाच्या टोकांचा रंगही बघा, हिरव्याला हिरवंच हवं, हिरव्याचं टोक तिरकं घासलेलं असतं, ते निळ्यात घुसवलं की बसतं पण प्रकाश वाया जातो. आणि एक, उघडं टोक डोळ्यासमोर धरून "लाईट येतोय का" असं अजिबात बघू नका, तो लेसर डोळ्याला दिसतच नाही.

तुमच्या वर्णनावरून मला मात्र वाटतंय की लाईन ठीक असेल आणि घोळ जागेचा असेल. बेडरूम आणि हॉलच्या मध्ये काय आहे ते आठवा. बहुतेक फ्लॅटमध्ये मध्ये संडास-बाथरूम येतं, म्हणजे टाईल्स, पाईप, लॉफ्टवर पाण्याची टाकी. त्यात बेडरूममध्ये लोखंडी कपाट नाहीतर आरशाचं वॉर्डरोब. आरशाच्या मागे धातूचा थर असतो, वायफाय त्यावरून परत फिरतं. नवीन टॉवरमध्ये असाल तर आणखी एक भानगड, तिथे हल्ली मायवान पद्धतीचं बांधकाम असतं, आतल्या भिंतीसुद्धा विटांच्या नाहीत, अख्ख्या सळई घातलेल्या काँक्रीटच्या. ओळखायचं कसं, तर हॅमर ड्रिलशिवाय खिळासुद्धा जात नाही. अशा दोन भिंती मध्ये आल्या की वायफायचा ५ गिगाहर्ट्झवाला बँड (वेगवान, पण भिंतीत अडकणारा) जवळजवळ संपतो. मग मोबाईल २.४ गिगाहर्ट्झच्या बँडवर (लांब जाणारा, पण हळू) जातो, आणि बिल्डिंगमध्ये शेजारीपाजारी सगळे २.४ वरच, तिथे ४०-५० मिळाले तरी पुष्कळ म्हणायचं. (आणि वायफायच्या नावापुढे ५जी लिहिलेलं असतं त्याचा मोबाईलच्या ५जीशी काही संबंध नाही, हे मला दर वेळी सांगावं लागतं.)

वायफाय अॅनालायझर अॅप टाका आणि हॉलमध्ये सोफ्यावर बसून रेंजचा आकडा बघा. उणे ६५ पर्यंत उत्तम, उणे ७० च्या पुढे टीव्ही अडकायला लागतो, उणे ८० म्हणजे नसल्यात जमा. मग राउटर त्याच खोलीत पण दाराच्या बाजूला, कपाटावर नाही तर भिंतीवर मोकळा, माणसाच्या डोक्याच्या उंचीला आणून परत बघा. नुसतं दाराच्या रेषेत आणल्याने कधीकधी दहा-पंधरा आकडे सुधारतात. अँटेना असतील तर सरळ उभ्या ठेवा, अँटेना मेदूवड्याच्या भोकात उभी आहे असं समजा, रेंज त्या वड्यासारखी आडवी चहूबाजूंना पसरते, टोकाच्या दिशेने फारशी जात नाही. २.४ साठी चॅनल १, ६ किंवा ११ पैकी जिथे गर्दी कमी तो हाताने लावा, चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. किचनमध्ये मायक्रोवेव्ह ओव्हन चालू असतानाच नेट जात असेल तर तेही कारण आहे, ओव्हन २.४ च्याच पट्ट्यात चालतो.

एवढं करूनही हॉलमध्ये येत नसेल आणि राउटर बेडरूममध्येच हवा असेल तर पैसे रिपीटरवर नाही, वायरीवर घाला. साधा रिपीटर आधीच अर्धमेली रेंज पकडून पुढे ढकलतो, आणि घेणं-देणं एकाच बँडवर करत असेल तर वेग निम्मा होतो. त्यापेक्षा बेडरूममधून हॉलपर्यंत कॅट ६ वायर ओढा, भिंतीच्या कडेने पट्टीत दिसतही नाही, १०० मीटरपर्यंत चालते. हॉलमध्ये घरात पडलेला जुना राउटर लावा, ५ गिगाहर्ट्झवाला आणि गिगाबिट पोर्टचा असेल तर उत्तम. वायर त्याच्या वॅन पोर्टमध्ये (बाहेरचं नेट घ्यायचं भोक) नको, लॅनमध्ये, डीएचसीपी (मोबाईल-लॅपटॉपना पत्ते वाटायचं काम) बंद, त्याचा स्वतःचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ वगैरे, नाव आणि पासवर्ड बेडरूमच्या राउटरसारखाच, चॅनल मात्र वेगळा. टीव्हीला तर त्याच राउटरमधून दुसरी वायर द्या, टीव्हीला वायफाय हवंच कशाला.