इंग्लंडमध्ये जुनी एमजीबी जीटी घेऊन तिच्यात व्ही-८ इंजिन बसवायचं असेल, तर गाडी कशी शोधावी?

तुम्ही लिहिलंय की नोकरीमुळे तुम्ही लेस्टरला राहता, एखादी जुनी एमजीबी जीटी (एमजी कंपनीची बंद छपराची स्पोर्ट्स कार) घेऊन तिच्यात रोव्हरचं आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन बसवायचं मनात आहे, पैसे बेताचे आहेत. मग आधी इंजिन घ्यावं की गाडी? आणि पुढेमागे पुण्याला परतलात तर ती सोबत नेता येईल का?

आधी गाडी घ्या. आणि गाडीत फक्त पत्रा बघा.

मी कॉव्हेंट्रीत राहतो. माझी जीटी १९७६ची आहे आणि तिच्यावर माझे तीन हिवाळे गेले. मूळचा मी कोल्हापूरचा. शाळेच्या सुट्ट्या मामाच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये गेल्या, त्यामुळे इंजिनची भीती कधीच वाटली नाही. म्हणूनच मी उलटं केलं. एक ३.५ लिटरचं इंजिन स्वस्तात मिळालं, ते आधी घरी आणलं आणि मग त्याला घर हवं म्हणून घाईने एक चकचकीत लाल गाडी घेतली. महिन्याभराने दाराखालच्या उंबऱ्याजवळचा रंग खरवडला तर आत बोटभर जाडीची पुट्टी भरलेली, आणि पुट्टीच्या मागे पत्राच नाही. ती गाडी शेवटी सुट्या भागांत विकली. इंजिन कधीही मिळतं, बिघडलेलं इंजिन टेबलावर घेऊन दुरुस्त करता येतं. कुजलेली बॉडी नीट करायला मात्र वेळ आणि पैसा दोन्ही इतके लागतात की बरेच प्रकल्प तिथेच थांबतात.

या कामासाठी तुम्ही गाडी मात्र अगदी योग्य निवडली आहे. एमजीबी ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं बनली, पाच लाखांहून जास्त. त्यामुळे रबरी वॉशरपासून अख्ख्या दारापर्यंत सगळं नवं मिळतं. १९८८ पासून तर जुन्याच साच्यांवर ठोकलेली संपूर्ण नवी बॉडीही मिळू लागली. आणि व्ही-८ ही या गाडीसाठी परकी कल्पना नाही. केन कॉस्टेलो नावाच्या माणसाने केंटमध्ये स्वतःच्या हिमतीवर एमजीबीत रोव्हरचं इंजिन बसवून विकायला सुरुवात केली. ते बघून कंपनीनेही १९७३ ते १९७६ मध्ये स्वतःची जीटी व्ही-८ काढली. अशा फक्त २,५९१ गाड्या बनल्या. त्यातली एखादी खरी गाडी हाताला लागली तर तिला करवत लावू नका, ती जशी आहे तशीच जपा.

हे इंजिन इथे इतकं चपखल का बसतं, त्याचं कारण वजन. मूळ आराखडा अमेरिकन ब्यूकचा, १९६१ सालचा. ब्लॉक आणि हेड दोन्ही ॲल्युमिनियमचे. रोव्हरने १९६५ मध्ये त्याचे हक्क घेतले आणि पुढे कितीतरी वर्षं सलून गाड्यांपासून रेंज रोव्हरपर्यंत सगळीकडे ते वापरलं. एमजीबीचं मूळ चार सिलिंडरचं १७९८ सीसीचं इंजिन बिडाचं आहे. त्यामुळे सिलिंडर दुप्पट, सीसी दुप्पट, तरी गाडीच्या नाकावर वजन जवळजवळ तेवढंच राहतं. याच्या उलट उदाहरणही एमजीनेच घालून ठेवलंय. १९६७ मध्ये त्यांनी याच बॉडीत बिडाचं सहा सिलिंडरचं २९१२ सीसी इंजिन घालून एमजीसी काढली. पुढचं सस्पेन्शन पूर्ण बदलावं लागलं, गाडी नाकाला जड झाली आणि दोन वर्षांत बंद पडली. कुणी तुम्हाला दुसरं एखादं मोठं इंजिन सुचवलं तर एमजीसी आठवा.

आता कोणत्या सालची घ्यायची? माझा स्पष्ट सल्ला आहे, १९७४च्या शेवटापासूनची, काळ्या रबरी बंपरवाली. हौशी लोकांना क्रोमचे बंपर हवे असतात, म्हणून रबरी बंपरची गाडी स्वस्त पडते. शिवाय त्या काळात चार सिलिंडर आणि व्ही-८ अशा दोन्ही गाड्या एकाच कारखान्यात बनत होत्या, त्यामुळे नंतरच्या बॉडीत इंजिनची जागा व्ही-८ला चालेल अशीच ठेवलेली आहे. क्रोमवाल्या जुन्या गाडीत तीच जागा ठोकून-कापून करावी लागते. अमेरिकन नियमांसाठी रबरी बंपरच्या गाड्या साधारण दीड इंच उंच केल्या होत्या, त्यामुळे वळणावर त्या झुकतात. पण ते नंतर सस्पेन्शनमध्ये दुरुस्त होतं. आणि उघड्या टपाची नको, जीटीच घ्या. व्ही-८चा जोर पेलायला छप्पर मदत करतं. कंपनीनेही त्या काळी व्ही-८ फक्त जीटीतच दिलं.

शोधताना ‘इंजिन जाम आहे’, ‘गिअरबॉक्स गेला’, ‘काम अर्धवट राहिलं’ अशा जाहिराती वाचा. इंजिन तुम्ही काढूनच टाकणार आहात, तर चांगल्या इंजिनचे पैसे का मोजायचे? जायच्या आधी नंबर प्लेट टाकून सरकारी संकेतस्थळावर गाडीचा एमओटीचा (दरवर्षीच्या फिटनेस तपासणीचा) इतिहास बघा, तो फुकट आहे आणि २००५ पासूनचा मिळतो. फिटनेस तपासणाऱ्याने दरवर्षी काय शेरे मारले ते तिथे दिसतं. एका वर्षी ‘उंबरा गंजलेला’ आणि पुढच्या वर्षी काहीच नाही, तर मधल्या काळात काय केलं ते मालकाला विचारा आणि वेल्डिंगचे फोटो मागा. ज्याने मन लावून काम केलंय त्याच्याकडे फोटो असतातच.

गाडी बघायला जाताना टॉर्च, फडक्यात गुंडाळलेलं चुंबक, जुनी पँट आणि एक जॅक घेऊन जा. एमजीबीला वेगळी चासी नाही, पत्र्याची बॉडी हाच सांगाडा. त्यातही सगळा भार दाराखालच्या उंबऱ्यांवर असतो. हा उंबरा तीन पत्र्यांचा असतो: बाहेरचा दिसणारा, आतला, आणि मध्ये उभा पडदा. बाहेरचा पत्रा नवा दिसला म्हणून खूश होऊ नका. कुजलेल्यावरच नवा पत्रा चढवून वेल्ड मारायची सवय इथे जुनी आहे. दार आणि मागचं मडगार्ड यांच्यामधली फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का ते बघा. सारखी नसेल तर गाडी मधून वाकलेली असू शकते. मग उंबऱ्याखालच्या जागी जॅक लावून एक बाजू उचला आणि दार उघडून परत लावा. दार अडकलं तर तिथूनच नमस्कार करून परत या.

त्यानंतर पुढच्या मडगार्डचा दारालगतचा खालचा कोपरा, मागच्या चाकापुढचा निमुळता तुकडा, गालिच्याखालचा तळपत्रा, मागच्या सीटखालच्या बॅटरीच्या पेट्या, मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगा जिथे बॉडीला धरतात त्या जागा आणि समोरच्या काचेचे खालचे कोपरे बघा. शेवटचे दोन मी सगळ्यात महत्त्वाचे मानतो, कारण तिथला गंज काढायला निम्मी गाडी उघडावी लागते. रंग, सीट, डॅशबोर्ड यांच्याकडे बघूच नका.

माझ्या दुसऱ्या गाडीचा रंग उडालेला होता, इंजिन पाण्याने जाम झालेलं होतं, पण डावा उंबरा धड होता आणि उजवा अर्धा. तो उजवा करताना शिकलेली गोष्ट सांगतो. दार बिजागरीवर लटकलेलंच ठेवा. उघड्या चौकटीत आडवा पाइप तात्पुरता वेल्ड करून आधार द्या, एका वेळी एकच बाजू कापा आणि प्रत्येक टाक्यानंतर दार लावून बघा. तीन टाके घातले की फट बदलते, इतकं हे काम नाजूक आहे. माझे त्या एका उंबऱ्यात सात शनिवार गेले. वेल्डिंग मी इथल्या एका संध्याकाळच्या वर्गात शिकलो, तुम्हालाही तेच सुचवेन. तयार कारागिराकडून करून घेतलंत तर बजेटचा मोठा वाटा तिथेच जाईल.

आता इंजिन. शक्यतो चालू असलेलं, थंड असताना सुरू करून ऐकलेलं घ्या. ॲल्युमिनियमच्या इंजिनला नुसतं पाणी घालून वर्षानुवर्षं चालवलं तर आतले पाण्याचे मार्ग खाल्ले जातात, म्हणून रेडिएटरचं झाकण उघडून कूलंटचा रंग बघा. तेलाचं झाकण उघडल्यावर काळा चिकट गाळ दिसला तर झडपा हलवणारे कॅमशाफ्ट आणि टॅपेट गेलेच समजा. ते दोन्ही नेहमी एकत्र नवे घालतात, जुन्या टॅपेटवर नवा कॅम कधीच नाही. वेगवेगळ्या गाड्यांतल्या या इंजिनांचं पुढचं झाकण आणि वॉटर पंप कमी-जास्त लांबीचे असतात, तेव्हा रेडिएटरपर्यंत किती जागा उरते ते मोजल्याशिवाय पैसे देऊ नका.

नवा कॅम घातल्यावर पहिल्यांदा सुरू करताना इंजिन आयडलवर ठेवायचं नसतं. लगेच दोन-अडीच हजार आरपीएमवर नेऊन वीस मिनिटं तिथेच ठेवायचं, नाहीतर कॅमचे उंचवटे पहिल्याच दिवशी घासतात. त्याआधी तेलाच्या पंपाच्या गिअरमध्ये व्हॅसलिन ठासून भरतात, म्हणजे पंप कोरडा न फिरता लगेच तेल ओढतो. मी हे सगळं करून फेब्रुवारीतल्या एका सकाळी किल्ली फिरवली. फोनवर व्हिडिओ कॉलमध्ये कोल्हापुरात मामा होता. वीस मिनिटं आम्ही दोघंही काही बोललो नाही. तो नुसता ऐकत होता आणि शेवटी म्हणाला, ‘आठही मारायलेत की रं.’

बसवणं त्या मानाने सरळ आहे. माउंटिंग तयार मिळतात. रोव्हर एसडी-१ या गाडीचा पाच गिअरचा गिअरबॉक्स सोबत घेतलात तर उत्तम, फक्त गिअरबॉक्सवरचा पत्र्याचा मधला बोगदा जरा ठोकावा लागतो आणि प्रॉपेलर शाफ्ट मापाने बनवून बॅलन्स करून घ्यावा लागतो. मागचा एक्सल मात्र विसरू नका. साध्या एमजीबीत त्याचं गिअरचं गुणोत्तर ३.९ असतं, कंपनीने व्ही-८मध्ये ३.०७चा एक्सल घातला होता. जुनाच ठेवलात तर पहिला गिअर सुरू होताच संपतो आणि मोटरवेवर इंजिन उगाच ओरडत राहतं. ब्रेकही बदला. कंपनीने आपल्या व्ही-८ला जाड डिस्क आणि मोठे कॅलिपर दिले होते, तुम्हीही त्याहून कमी काही घालू नका.

सगळ्यात जास्त त्रास उष्णतेचा. बॉनेटखाली जागा कमी, दोन्ही बाजूंना तापलेले एक्झॉस्टचे पाइप, आणि गरम हवेला बाहेर जायला वाट नाही. १९९३मध्ये रोव्हरने याच बॉडीवर आरव्ही-८ नावाची गाडी काढली, तेव्हा एक्झॉस्ट आतल्या मडगार्डला भोक पाडून चाकाच्या पोकळीत काढला. मीही तेच केलं. धड पत्र्याला भोक पाडताना जिवावर येतं, पण त्यानंतर गर्दीत उभी राहिल्यावरही काटा चढत नाही. दोन विजेचे पंखे आणि नवा मोठा रेडिएटर यांवर मात्र काटकसर नको.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. इंजिन बदललं की इंजिनचा नवा नंबर आणि सीसी डीव्हीएलएला (वाहनांची नोंदणी करणाऱ्या सरकारी खात्याला) कळवून गाडीच्या नोंदणीपत्रात चढवून घ्यावे लागतात. चाळीस वर्षांवरच्या गाडीला रोड टॅक्स आणि एमओटी माफ होऊ शकतात, पण एमओटीची माफी गेल्या तीस वर्षांत मोठे बदल केलेल्या गाडीला मिळत नाही. म्हणून कापाकापीच्या आधी त्यांचे नियम वाचा आणि काय बदललं याचे फोटो ठेवा. माफी असो वा नसो, मी दरवर्षी एमओटी करतो. आपण स्वतः वेल्ड केलेली गाडी दुसऱ्या नजरेखालून गेलेली बरी. विमा कंपनीला प्रत्येक बदल लेखी कळवा.

राहता राहिलं पुणं. इथे मला तुम्हाला निराश करावं लागतंय. भारतात २०२१च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदणी व्हायला गाडी पन्नास वर्षांवरची आणि मूळ स्वरूपात असावी लागते. इंजिन किंवा बॉडीत मोठे बदल केलेली चालत नाही. तेव्हा व्ही-८ बसवलेली जीटी इथेच वापरायची आणि इथेच कुणा कदर करणाऱ्याला द्यायची, असं धरून चाला. पुण्याला न्यायचीच असेल तर मूळ १७९८ सीसीचं इंजिन असलेली गाडी शोधा आणि ते इंजिन तिच्यातून कधीच उतरवू नका. मी माझं मूळ इंजिन तेल लावून, गुंडाळून गॅरेजच्या कोपऱ्यात ठेवलंय, नंबरासकट. तुम्हीही तुमचं भंगारात घालू नका. पुढच्या मालकाला ते परत बसवावंसं वाटू शकतं.