मुलींच्या वर्गासाठी नॅचरलिस्टिक नाटक कोणतं निवडावं?

तुमचा प्रश्न मला असा समजला: मुंबईतला नाट्यप्रशिक्षणाचा वर्ग, त्यात बहुतेक मुलीच, चाळीसेक मिनिटांचा प्रयोग वर्गातच करायचा आहे, सरांची अट 'नॅचरलिस्टिक'ची (म्हणजे रंगमंचावर सगळं खऱ्या आयुष्यासारखं घडायला हवं) आणि विषय हवाय अडचणीत सापडलेल्या किशोरवयीन मुलींचा.

सगळ्यात आधी तुम्हाला 'शांतता! कोर्ट चालू आहे' सुचवलं जाईल. नका घेऊ. नाटक मोठंच आहे, पण त्याची नायिका बेणारे शिक्षिका आहे, शाळकरी मुलगी नाही. कोवळ्या वयात मामाच्या प्रेमात पडल्याची गोष्ट ती शेवटच्या स्वगतात सांगते आणि ते स्वगत तुमच्या अटीच्या नेमकं उलट जातं: बाकीचे सगळे थिजलेले, ही एकटी बोलतेय. शिवाय ऑडिशनला ते इतक्या जणींनी म्हणून झालंय की ऐकणारेही सोबत ओठ हलवतात. दुसरं नाव येईल 'चारचौघी'. प्रशांत दळवींच्या या नाटकातल्या तिघी बहिणी मोठ्या आहेत, आपलं म्हणणं मुद्देसूद मांडू शकतात. पंधराव्या वर्षी नेमकं तेच जमत नसतं.

म्हणून माझा आग्रह असा की मुलीवर केवढं संकट कोसळलंय हे बघून संहिता निवडू नका. ती रंगमंचावर हातांनी काय करते आणि कोणापासून काय लपवते, ते बघा. फ्रेंच लेखक एमिल झोला आणि मंडळींनी निसर्गवाद, म्हणजे हेच नॅचरलिझम, मांडला तेव्हा त्यांचा भर यावरच होता की माणूस घरातून, पैशातून, रक्तातून घडतो. ती खोली, तो पैसा, ती आजी संहितेतच नसेल तर अभिनयाने कुठून आणणार? आपल्या कॉलेजच्या एकांकिकांना एक खोड आहे. शेवटी मुलगी पुढे येते, निळा प्रकाश पडतो, मागे बासरी वाजते आणि ती समाजाला जाब विचारते. टाळ्या पडतात, पण ते भाषण झालं.

मी तुमच्या जागी असते तर लिलियन हेलमनच्या 'द चिल्ड्रन्स अवर'चा पहिला अंक घेतला असता. नाटक १९३४चं, अमेरिकेतल्या मुलींच्या निवासी शाळेतलं. पडदा उघडतो तेव्हा मुली शिवणटिपण आणि वाचन करतायत, म्हणजे हातांना काम आयतंच मिळालं. मेरी नावाची विद्यार्थिनी उशिरा येते, बाईंसाठी फुलं आणल्याचं सांगते, पण ती कचऱ्यातून उचललेली असतात. पकडली गेल्यावर छातीत दुखण्याचं सोंग करते. शेवटी मैत्रिणीचा हात पिरगाळून पैसे काढते आणि आजीकडे पळून जाते. पुढच्या अंकात हीच मुलगी शाळेच्या दोन संचालिकांवर समलिंगी संबंधांचा आरोप करून त्यांची आयुष्यं उद्ध्वस्त करते. मला हे नाटक का आवडतं, तर इथे त्रस्त मुलगी बिचारी नाही. ती त्रास देते. ती अशी का झाली, हे हेलमन समजावून सांगत बसत नाही, ते तुम्हाला तालमीत शोधावं लागतं. वर्गासाठी याहून चांगला अभ्यास नाही. या अंकात पुरुषपात्र एकच, डॉक्टरचं. फक्त शाळा पाचगणीला हलवायचा मोह आवरा; नावं बदलली की वर्गाचा सगळा वेळ कपडेपट आणि आडनावांतच जातो.

मराठीच हवं असेल तर एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'तली रंजू. १९८५ साली हे नाटक रंगमंचावर आलं. सिनेमाच्या नादी लागलेली ही मुलगी घरातले दागिने घेऊन शिकवणीच्या मास्तरबरोबर मुंबईला पळते. त्याच घरात शिकू न दिलेली प्रभाआत्या आहे, म्हणजे रंजूचं पुढे काय होऊ शकतं ते रोज समोर वावरतंय. दोन-तीन प्रवेश वेगळे काढता येतील. अडचण बोलीची. दादर-ठाण्याच्या तोंडची वऱ्हाडी बहुतेकदा टीव्हीवरच्या विनोदी वऱ्हाडीसारखी होते, आणि प्रेक्षक हसले की रंजू संपली.

बाकी दोन थोडक्यात. सारा डेलापचं 'द वुल्व्हज' (२०१६) नऊ फुटबॉलपटू मुलींचं: वॉर्मअप करता करता एकमेकींच्या बोलण्यावर बोलणं. सगळ्यांना सारखं काम मिळतं, पण एकीनेही तालीम बुडवली की डोलारा कोसळतो. शेला डिलेनीचं 'अ टेस्ट ऑफ हनी' (१९५८) मला प्रिय आहे, पण त्यातली पात्रं मध्येच प्रेक्षकांशी बोलतात; सरांच्या अटीत बसवायला वाद घालावा लागेल.

हक्कांचं: १९५७च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम ५२नुसार शिक्षणसंस्थेच्या उपक्रमात विद्यार्थी-शिक्षकांनी प्रयोग केला आणि प्रेक्षक संस्थेतले व पालकच असले तर ते उल्लंघन धरत नाहीत. तिकीट लावलं किंवा तोच प्रयोग स्पर्धेला नेला की गणित बदलतं. तिथे लेखकाचं परवानगीपत्र मागतातच. भाषांतराचा हक्क हा वेगळा विषय, तो आधी विचारून घ्या.

तालमीत 'तुझ्या आयुष्यातलं आठव' हा प्रकार करू देऊ नका. वर्गात एखादी तसल्याच प्रसंगातून गेलेली असते आणि सांगणार नसते. भूमिका नको म्हणणारीला कारण विचारू नये, एवढं पहिल्याच दिवशी ठरवा.

आणि मेरी कोणाला द्यायची, हे तुमचं पुढचं भांडण असेलच. वर्गातली भांडकुदळ मुलगी नको. जिला सगळे शिक्षक लाडाने हाक मारतात ना, तिला द्या.