जॉब तीनदा रिजेक्ट झाला, आयटीआय सोडू का?

मित्रा, तुझं पत्र दोनदा वाचलं. फिटर ट्रेड, पहिलं वर्ष, फाइलिंगचा जॉब, म्हणजे कानशीने घासून सपाट करायचा लोखंडाचा तुकडा, तीनदा परत आला आणि सर सगळ्या बॅचसमोर म्हणाले, "तुझ्या हातात कलाच नाही". आता कानस धरली की हात थरथरतो, म्हणून ट्रेड सोडून बीएला जाऊ का, असं विचारतोयस.

सर बोलले ती शेरेबाजी झाली रे, त्याला फीडबॅक म्हणत नाहीत. एका युनिटला २० मुलं असतात, तेही वैतागत असतील, पण त्या वाक्यातून तुझ्या जॉबबद्दल काय कळलं? काहीच नाही. क्लुगर आणि डिनिसी या दोघांनी १९९६ मध्ये फीडबॅकवरचे शेकडो निकाल एकत्र करून पाहिले तर एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी फीडबॅकनंतर काम उलट बिघडलेलं निघालं, आणि त्यांचं म्हणणं असं की लक्ष कामावरून उडून 'मी कसा आहे' याच्यावर गेलं की घोळ होतो. तुझं तेच झालंय. ट्राय स्क्वेअर, म्हणजे सपाटपणा आणि काटकोन तपासायचा गुण्या, जॉबला लावून तू मधली फट बघत नाहीस, सरांचा चेहरा बघतोस.

खरा फीडबॅक तर तूच पत्रात लिहिलायस! "मधे फुगतो, कडेला उजेड दिसतो." म्हणजे कानस झोके खातेय, सपाट जात नाहीये. सुरुवातीला पुढच्या हाताचा दाब जास्त, मधे दोन्ही हात सारखे, शेवटी मागच्या हाताचा जास्त, हे सांभाळलं नाही की कडा उतरतातच, कुणाच्याही उतरतात. आणि वाइस, म्हणजे जॉब पकडायचा शिकंजा, तुझ्या कोपराच्या उंचीला येतो का ते बघ, उंची कमी आहे म्हणालास ना, मग पायाखाली लाकडी फळी माग, त्यात लाज कसली.

आत्मविश्वासाचं म्हणशील तर बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्येच मांडलंय की तो सगळ्यात जास्त येतो स्वतःच्या हातून काम झाल्यावर, नुसत्या धीराच्या शब्दांनी तेवढा येत नाही, म्हणून मी पण इथे 'तू करू शकतोस' वगैरे लिहीत बसत नाही. स्क्रॅपमधला एमएसचा, म्हणजे माइल्ड स्टीलचा, तुकडा घे, एकच बाजू घासायची, दर दहा स्ट्रोकनंतर उजेडासमोर धरून बघायचं, फट कुठे होती ते वहीत लिहायचं, बस. गेल्या वर्षी ज्याचा जॉब परत आला होता असा एखादा सीनियर शोध आणि तो उभा कसा राहतो ते बघ. सरांना चहाच्या वेळी एकटं गाठून "सर, फट कशामुळे पडतेय?" एवढंच विचार, बहुतेक शिक्षक अशा प्रश्नाला नीट उत्तर देतात.

बीए वाईट नाही पण जॉब परत आला म्हणून बीए, हे काही पटत नाही बुवा. दोन वर्षं पूर्ण केलीस तर डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षाची वाट पण उघडते. जॉब पास व्हायला लागल्यावरही लोखंडाचा कंटाळाच आला तर तेव्हा परत लिही, बीएचं बोलू.

आणि चौथा जॉब पास होवो न होवो, फोटो पाठव. ट्यूबलाइटसमोर धरून काढ, फट दिसली पाहिजे.