ऑक्सिमीटरचा ९८ आणि तुझा चौथा राऊंड

अरे, काल तू ऑक्सिमीटरचा फोटो पाठवलास, ऑक्सिजन ९८ टक्के आलाय सर, सिगरेटने काही फरक पडत नाही म्हणून. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय, भरतीच्या धावपळीत पण नीट वाच.

ते बोटाला लावायचं मशीन फक्त लाल आणि इन्फ्रारेड प्रकाश टाकून रक्ताचा रंग बघतं. सिगरेटच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि तो हिमोग्लोबिनला, म्हणजे रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या घटकाला, ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून जास्त घट्ट चिकटतो, पण तसं झालेलं रक्तही लालभडकच दिसतं, त्यामुळे मशीन त्यालाही ऑक्सिजनच समजून मोजतं. एसटीत रुमाल टाकून सीट अडवतात ना, तसं आहे हे, सीट भरलेली दिसते पण माणूस बसलेला नसतो. सिगरेट न ओढणाऱ्याच्या रक्तात हा गॅस साधारण १-२ टक्के असतो, रोज ओढणाऱ्याच्या ३ ते ८, आणि फार ओढणाऱ्यांत १० च्या वरही जातो. खरा आकडा पाहिजे तर रक्ताची वेगळी टेस्ट असते नाहीतर फुंकर मारून हाच गॅस मोजायचं सीओ मीटर, व्यसनमुक्ती केंद्रात असतं बऱ्याच ठिकाणी.

आणि नुसती जागा अडते असंही नाही, जो ऑक्सिजन उरलेला असतो तोही हिमोग्लोबिन स्नायूंना पटकन सोडत नाही. म्हणून १६०० मीटरला तीन राऊंड तू सगळ्यांबरोबर असतोस आणि चौथ्याला पाय दगडासारखे होतात. स्टॅमिना कमी नाहीये तुझा, मी बघतोय ना रोज. तुझं हिमोग्लोबिन १७ च्या वर आलं म्हणून खूश झालेलास, तेही याचंच असू शकतं, ऑक्सिजन कमी पडतो म्हणून शरीर लाल पेशी वाढवतं आणि रक्त घट्ट होतं, डॉक्टरांना दाखव एकदा.

आता तू म्हणशील ग्राउंडच्या आदल्या दिवशी बंद करतो. गॅस जाईल हे खरंय, चार-सहा तासात निम्मा होतो आणि एक-दोन दिवसात जवळपास नॉर्मल. पण खोकला, कफ एका दिवसात जात नाही, आणि निकोटिनची तलफ नेमकी त्याच सकाळी डोकं खाईल. शिवाय इतके महिने कमी ऑक्सिजनवर केलेली प्रॅक्टिस कोण भरून देणार? बिडी किंवा हुक्का त्यापेक्षा बरा असं टपरीवर कोणी सांगितलं तर ऐकू नकोस, हुक्क्याच्या कोळशाने तर हा गॅस आणखी वाढतो.

१८०० ११२ ३५६ वर फोन कर, सिगरेट-तंबाखू सोडायला मदत करणारी सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट आहे. आणि उद्यापासून वॉर्मअपच्या आधी टपरीकडे न जाता सरळ माझ्याकडे ये, तलफ आली तर आपण दोघं एक राऊंड चालू.