स्कॉटलंडला गाडी घेऊन निघताय? थोडं ऐका

परदेशात पहिल्यांदाच गाडी चालवणार, तर स्कॉटलंड निवडलंत हे बरं केलंत. तिथेही आपल्यासारखंच डावीकडून चालवायचं आणि आपलं लायसन्स पाहुण्यांना 12 महिने चालतं. तरी अंधेरी किंवा वडाळा आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून ठेवा, भाड्याच्या गाडीच्या काउंटरवर हुज्जत नको. ऑटोमॅटिक हवी असेल तर बुकिंगमध्ये तसं बघून घ्या.

खरी कसोटी हायलँड्समधल्या, म्हणजे उत्तरेकडच्या डोंगराळ भागातल्या, एकेरी रस्त्यांवर. रस्ता एकाच गाडीपुरता, मधेमधे थोडी रुंद जागा. ती डावीकडे असेल तर आत घ्या. उजवीकडे असेल तर तिच्यासमोर आपल्याच बाजूला थांबा, समोरचा तिथून वळून जातो. मागे कुणी तुंबलं असेल तर त्यालाही पुढे सोडा. हात वर केला की आभार पोचले, हॉर्न लागत नाही. (घोडबंदर रोडवाल्यांना हे जड जाईल.) फोटोसाठी मात्र त्या जागेत गाडी लावायची नाही. आणि वेगमर्यादेच्या पाटीवरचा 60 हा आकडा मैलांत असतो, म्हणजे जवळपास 97 किलोमीटर!

स्टर्लिंगचा किल्ला आणि लॉख नेस सरोवराकाठचा अर्कहार्ट किल्ला एकाच एक्सप्लोरर पासात, म्हणजे एकत्रित तिकिटात, होतात. 1746 च्या लढाईचं कलोडन दुसऱ्या संस्थेकडे, त्याचं तिकीट वेगळं.

ग्लेनकोच्या दरीला मात्र अख्खा दिवस द्या. 1692 मध्ये पाहुणचार घेतलेल्या सैनिकांनीच तिथल्या मॅकडोनल्ड कुळातल्या लोकांची कत्तल केली. उन्हाळ्यात चिलटं फोडून काढतात, पूर्ण बाह्यांचे कपडे घ्या.