बाबांना भरवताना घाई नको
ताई, लकव्यानंतर गिळणं बिघडू शकते, म्हणून दवाखान्यातून सुटी व्हायच्या आधीच स्पीच थेरपिस्टकडून बाबांची गिळण्याची तपासणी करून घ्या, तोवर मनाने पाणीही पाजू नका. आम्हालेही वाटायचं पाणी सगळ्यात सोपं, पण पातळ पाणीच पटकन श्वासनलिकेत जाते न, आणि खोकला आला नाही म्हणजे गेलं नाही असं नसते, आवाज ओला घरघरीत झाला की तिथंच थांबायचं. तर्री-पोहे, संत्र्याच्या फोडी सध्या नकोच, रस आणि चोथा एकाच वेळी तोंडात सांभाळणं त्यांना लय कठीण जाते. ताठ बसवून, टीव्ही बंद करून, छोट्या चमच्याने भरवा, लुळ्या बाजूच्या गालात घास राहिला का बघा न मगच पुढचा. जेवल्यावर अर्धा तास आडवं करू नका. ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर.